फळ्यावरचा आकडा आणि संशोधन परिचारिकेचे काम: मराठवाड्यातील रुग्णालय प्रमुखांना आणि एथिक्स कमिट्यांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील संशोधन करणाऱ्या रुग्णालयांचे अधिष्ठाता, वैद्यकीय संचालक, प्रमुख संशोधक आणि एथिक्स कमिट्यांचे सदस्य यांस,

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आमच्या विभागात एक छापील कागद वाटण्यात आला. ‘आपण आपल्या कामाबद्दल किती समाधानी आहात?’ असा प्रश्न, आणि त्याखाली हसऱ्यापासून रडक्यापर्यंत पाच चेहरे. एकावर खूण करून कागद त्याच दिवशी परत द्यायचा होता आणि वरच्या कोपऱ्यात स्वतःचे नाव व विभाग लिहायचा होता. मी मधल्या चेहऱ्यावर खूण केली. दर अकरा महिन्यांनी वाढवून घ्याव्या लागणाऱ्या करारावर असलेली परिचारिका नाव लिहिलेल्या कागदावर दुसरे काय करणार? त्या पाच चेहऱ्यांत जे मावले नाही ते या पत्रात लिहीत आहे. ते केवळ माझ्या रुग्णालयाला उद्देशून नाही, कारण मराठवाड्यात इतरत्र हेच काम करणाऱ्या मैत्रिणींशी बोलताना तपशील बदलतात, दुखणे तेच निघते.

वॉर्डातल्या सहकाऱ्यांना वाटते की रिसर्च सिस्टर म्हणजे एसीत बसून कागद रंगवणारी बाई. रुग्णांच्या लेखी मी ‘फॉर्मवाली सिस्टर’ आहे. दोन्ही वर्णने अगदीच खोटी नाहीत, म्हणून आधी कामाचे स्वरूप सांगते. सकाळी ओपीडी सुरू झाली की केसपेपर चाळून प्रोटोकॉलच्या, म्हणजे अभ्यासाच्या ठरलेल्या आराखड्याच्या, अटींत बसणारे रुग्ण शोधायचे. डॉक्टरांनी अभ्यासाची माहिती दिल्यावर रुग्णाशेजारी बसून तीच माहिती त्याच्या बोलीत पुन्हा सांगायची, त्याच्या शंका ऐकून घ्यायच्या, त्याला वाचता येत नसेल तर निःपक्षपाती साक्षीदार बसवायचा आणि नियमाने आवश्यक असेल तेथे या सगळ्याचे चित्रीकरण करायचे. मग रक्त घ्यायचे, ठरलेल्या मिनिटांत रक्ताचे घटक वेगळे करणारा सेंट्रिफ्यूज लावायचा, नमुने डीप फ्रीझरमध्ये ठेवायचे आणि कुरिअरवाला ड्राय आइस घेऊन आला की त्याच्या स्वाधीन करायचे. मागच्या व्हिजिटला दिलेल्या औषधांची पाकिटे परत घेऊन उरलेल्या गोळ्या मोजायच्या. प्रत्येक नोंद कोणी केली, केव्हा केली, दुरुस्ती कुठे झाली हे स्पष्ट दिसेल अशी लिहायची, तीच पुन्हा संगणकात भरायची आणि प्रायोजकाने नोंदी तपासायला पाठवलेल्या मॉनिटरने काढलेल्या शंकांना उत्तरे द्यायची. औषधाचा फ्रिज २ ते ८ अंशांत आहे की नाही, हे सुट्टीच्या दिवशीही पाहावे लागते. मे महिन्याच्या दुपारी वीज गेली आणि जनरेटर सुरू व्हायला वेळ लागला की फ्रिजच्या नोंदवहीवर जिची सही असते तिचा जीव टांगणीला लागतो. या सर्व कामाची अंतिम जबाबदारी प्रमुख संशोधकांची असते, आणि तसे असण्याविषयी माझे काहीही म्हणणे नाही.

माझे म्हणणे मोजणीविषयी आहे.

आमच्या खोलीत एक पांढरा फळा आहे. त्यावर प्रत्येक अभ्यासाचे नाव आणि त्यापुढे दोन आकडे असतात, एक ‘टार्गेट’चा आणि एक ‘झाले’चा. माझी कामगिरी या दुसऱ्या आकड्यावर ठरते आणि करार पुढे चालू ठेवायचा की नाही, हेही बव्हंशी त्याच आकड्याकडे पाहून ठरते. त्या फळ्यासमोर घडलेला एक प्रसंग सांगते.

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या थोडे आधी बीड जिल्ह्यातली एक बाई मधुमेहाच्या एका अभ्यासासाठी सर्व अटींत बसत होती. वय, साखर, मूत्रपिंडाच्या तपासण्या, सगळे जुळले होते. अभ्यास २४ आठवड्यांचा होता, दर ४ आठवड्यांनी व्हिजिट होती आणि ठरलेल्या तारखेच्या ३ दिवस अलीकडे किंवा पलीकडे एवढीच सवलत होती. डॉक्टरांनी समजावून सांगितले, तिने मान हलवली, नवऱ्याने ‘सही कुठं करायची?’ असे विचारलेही. मी सहज म्हणाले, यंदा दिवाळी कुठे? तिने सांगितले, ‘फडावरच की, सिस्टर. उचल घेतलीया.’ म्हणजे मुकादमाकडून आगाऊ पैसे घेऊन ऊसतोडीला जाणे: नवरा-बायको मिळून एक कोयता, पश्चिम महाराष्ट्रातला किंवा कर्नाटकातला एखादा कारखाना आणि परतणे थेट मार्च-एप्रिलमध्ये. दर चार आठवड्यांनी ती येणार कशी? खाडा झाला तर मुकादम पैसे कापणार, आणि पहाटेच्या थंडीत मोळ्या बांधताना साखर एकदम उतरली तर तिला पाहणार कोण? मी डॉक्टरांना बाजूला घेऊन हे सांगितले, त्यांनाही पटले, आणि तिला नेहमीच्या उपचाराची औषधे व बरोबर ठेवायला चिठ्ठी देऊन पाठवण्यात आले. फळ्यावरचा आकडा होता तसाच राहिला. महिनाअखेरच्या बैठकीत मला विचारण्यात आले की तपासलेल्यांपैकी इतके रुग्ण गळतात कसे.

त्या महिन्यात मी केलेले सर्वांत चांगले काम तेच होते, असे मी आजही मानते. ती अभ्यासात आली असती तर आकडा एकाने वाढला असता, एखाद्या व्हिजिटनंतर तिचा पत्ता लागेनासा झाला असता आणि अभ्यासाच्या माहितीत एक भोक पडले असते. मात्र ते भोक माझ्या नावावर लागले नसते, कारण तोवर भरतीचा महिना उलटून गेलेला असता. ज्या हिशेबात चुकीचे काम जमेला धरले जाते आणि बरोबर काम गळतीत जाते, त्या हिशेबाखाली सचोटीने वागणे म्हणजे दर महिन्याला पदरचे घालून काम करणे आहे. आमचे असमाधान म्हणतात ते मुख्यतः हे आहे. पगार कमी आहे हे खरेच आहे, नव्याने लागलेल्या कायम परिचारिकेपेक्षाही कमी आहे. परंतु माझ्या ओळखीच्या ज्या तिघीजणी हे काम सोडून गेल्या, त्यांपैकी दोघींनी मला पगाराआधी फळ्याविषयीच सांगितले.

समाधानी कर्मचारी चांगले काम करतो, हे वाक्य कार्यक्रमांतून फार सहजपणे उच्चारले जाते. ज्यांनी ते तपासले त्यांचे आकडे इतके सरळ नाहीत. १९८५ साली तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा समाधान आणि कामगिरी यांच्यातला सहसंबंध जेमतेम ०.१७ निघाला. सहसंबंध १ असेल तर दोन गोष्टी पूर्णपणे बरोबर चालतात आणि शून्य असेल तर त्यांचा एकमेकींशी काही संबंध नसतो, हे लक्षात घेतले तर हा आकडा किरकोळ आहे. २००१ साली ३१२ नमुन्यांतील ५४ हजारांहून अधिक लोकांची माहिती नव्याने तपासली गेली तेव्हा तो ०.३० च्या आसपास आला, आणि गुंतागुंतीच्या, स्वतःच्या निर्णयाला वाव असलेल्या कामांत तो अधिक घट्ट दिसला. मला यातून एवढेच घ्यायचे आहे की संशोधन परिचारिकेचे काम या दुसऱ्या प्रकारात मोडते. मात्र आमची मोजणी वीटभट्टीवर विटा मोजाव्यात तशी होते.

२००२ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. एका परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढत होती, आणि त्याच वाढीव रुग्णामागे परिचारिकांच्या असमाधानाची शक्यता १५ टक्क्यांनी, तर पार थकून जाण्याची २३ टक्क्यांनी वाढत होती. तो अभ्यास वॉर्डातल्या परिचारिकांचा होता, आमचा नव्हे. तरीही मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण परिचारिकेचे दुःख आणि रुग्णाचे नुकसान ही दोन्ही एकाच भारातून उपजतात, असे त्यात दिसते. म्हणून ‘समाधान’ हा विषय कर्मचारी कल्याणाच्या फायलीत आणि ‘डेटाची गुणवत्ता’ हा विषय संशोधनाच्या फायलीत ठेवू नये, अशी माझी विनंती आहे.

आपल्या भागाला संशोधन नवे नाही. १९८७ साली बार्शीत सुरू झालेली ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी सोलापूर जिल्ह्यातली म्हणून ओळखली जात असली, तरी धाराशिव जिल्ह्यातले परांडा आणि भूम हे तालुकेही तिच्यात आहेत. त्याच धाराशिवमध्ये, तेव्हाच्या उस्मानाबादमध्ये, १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा एक मोठा अभ्यास झाला. गावांच्या ५२ समूहांमधील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. हे समूह चार गटांत वाटले होते. एका गटाची या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याची पेशींची तपासणी, तिसऱ्याची ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी केलेली पाहणी, आणि चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा, अशी रचना होती. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणीच्या गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या होत्या, नेहमीच्या सेवेच्या गटातील ३१,४८८ पैकी ६४. एकाच चाचणीने एवढा फरक पडतो हे जगाने धाराशिवच्या बायकांकडून शिकले.

हे आकडे मी नव्या सहकारी मुलींना नेहमी सांगते, आणि दर वेळी एक गोष्ट जोडते. ज्या विषयावर सासू-सून एकाच घरात राहून एकमेकींशी बोलत नाहीत, त्या विषयाच्या तपासणीला गावोगावच्या हजारो बायका आल्या, कारण कोणीतरी त्यांच्या उंबऱ्यावर बसून त्यांच्याशी बोलले होते. त्या बोलण्याला शोधनिबंधात रकाना नसतो. पुढे या अभ्यासावर टीकाही झाली. चौथ्या गटातल्या स्त्रियांना तपासणी न देणे योग्य होते का, आणि आपण कशात सहभागी आहोत हे त्यांना कितपत कळले होते, असे प्रश्न विचारले गेले. त्या प्रश्नांचे महत्त्व मी कमी लेखत नाही. उलट मला ते आमच्या कामाच्या मुळाशी जाणारे वाटतात. बाईला नेमके काय समजले, हे सांगू शकणाऱ्या व्यक्ती दोनच असतात, एक ती बाई आणि दुसरी तिच्याशी बोललेली सेविका किंवा परिचारिका. अभ्यासाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीच्या टेबलावर मात्र संमतिपत्राचा कागद येतो.

संमतीच्या वेळी मला सर्वाधिक ऐकू येणारे वाक्य ‘सिस्टर, तुम्ही म्हणता तर करते’ हे आहे. ते ऐकून आनंद व्हावा की काळजी वाटावी, हे बारा वर्षांनंतरही मला ठरवता आलेले नाही. त्या वाक्यावर सही घेता येते, नियमाने काही अडत नाही, आकडाही वाढतो. त्या वाक्यानंतर थांबून ‘माझं सोडा, तुम्हाला काय कळलं ते मला सांगा’ असे म्हणायला आणखी अर्धा तास लागतो, आणि नेमका तो अर्धा तास माझ्याकडे नसतो, कारण वॉर्डात माणूस कमी पडले की पहिले बोलावणे संशोधन विभागाला येते. वॉर्डातल्या सिस्टरचे हाल मी जाणते आणि तिच्या मदतीला जायला माझी ना नाही. पण संमतीचे बोलणे अर्धवट टाकून गेलेली परिचारिका परत येते तेव्हा सही झालेली असते, असे माझ्या बाबतीत एकदा नव्हे, तीनदा घडले आहे.

यापुढचा मुद्दा कराराचा आहे आणि तो मला थोडा सविस्तर मांडावा लागेल. परत आलेल्या गोळ्या मोजून रुग्णाने औषध किती नियमित घेतले ते ठरवतात. रुग्णांनाही हे लवकरच समजते. रक्तदाबाच्या एका अभ्यासात परभणीकडचे एक वयस्कर गृहस्थ तीन व्हिजिट अगदी बिनचूक रिकामी पाकिटे आणत होते. चौथ्या वेळी रक्तदाब मोजून झाल्यावर ते खाली पाहत म्हणाले, ‘सिस्टर, खरं सांगू का? गोळीनं चक्कर येती. निम्म्या उकिरड्यावर टाकल्या.’ हे ऐकताच मी डॉक्टरांना बोलावले, चक्कर येण्याची नोंद झाली, मागच्या नोंदींपुढेही रीतसर खुलासा लिहिला गेला आणि औषध बदलण्याचा निर्णय झाला. तीन व्हिजिट मी त्यांच्याकडे त्यांच्या म्हशीची आणि नातीच्या शाळेची चौकशी केली होती, म्हणून ते बोलले. त्या दिवशी माझ्या खुर्चीवर नवी मुलगी असती, तर १०० टक्के नियमितता अशी नोंद झाली असती आणि औषधाचा एक दुष्परिणाम उकिरड्यावर राहिला असता.

मग ती खुर्ची रिकामी का होते? प्रकल्पाचा निधी संपतो आणि त्याबरोबर करारही संपतो. बारा वर्षांत माझे सहा करार झाले. तिसऱ्या आणि चौथ्या कराराच्या मध्ये मी तीन महिने घरी होते. त्या काळात रुग्णांचे फोन माझ्याच मोबाइलवर येत राहिले, कारण त्यांच्या पाकिटात असलेल्या चिठ्ठीवर मीच माझा क्रमांक लिहून दिलेला होता. कोणाला ताप होता, कोणाला पुढची तारीख हवी होती, एकाचा भाऊ रात्री अकराला सांगत होता की त्याला तालुक्याच्या दवाखान्यात भरती केले आहे. रुग्णालयात भरती व्हावे लागण्यासारखी गंभीर प्रतिकूल घटना घडल्यास प्रमुख संशोधकाने केंद्रीय परवाना प्राधिकरण, प्रायोजक आणि एथिक्स कमिटी यांना २४ तासांच्या आत कळवावे, असे नवी औषधे आणि क्लिनिकल ट्रायल यांविषयीचे २०१९ चे नियम सांगतात. त्या रात्री या २४ तासांचे घड्याळ पगारावर नसलेल्या एका बाईच्या स्वयंपाकघरात सुरू झाले. मी डॉक्टरांना लगेच कळवले आणि पुढचे सर्व वेळेत झाले. मी तो फोन उचलला नसता तर मला कोणी दोष दिला नसता, आणि हीच मला चिंतेची बाब वाटते.

नंतर एका ठिकाणी कायम पदाच्या मुलाखतीत मला सांगण्यात आले की माझा अनुभव ‘बेडसाइड’, म्हणजे वॉर्डात रुग्णाच्या खाटेजवळचा, नसल्याने तो धरता येणार नाही. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१६ साली संशोधन परिचर्येला स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता दिली. आपल्याकडच्या जाहिरातींत अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका ही पदे मी वाचत आले आहे, माझे पद मात्र त्यांत मला अजून सापडलेले नाही.

आता विनंत्या. पहिली माननीय अधिष्ठाता आणि संचालकांना. प्रायोजित अभ्यासांच्या निधीतून संस्थेला जो वाटा मिळतो, त्यातला काही भाग बाजूला ठेवून एका प्रकल्पाच्या शेवटापासून दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंत परिचारिकेचा पगार चालू राहील अशी व्यवस्था करावी. धाराशिव, परभणी, जालना, हिंगोली येथे अलीकडेच नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली आहेत. तेथे संशोधन वाढेल तेव्हा ही घडी आरंभापासूनच बसवता येईल, मोडलेली घडी नीट करण्यापेक्षा ते सोपे आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांसाठी रात्री-अपरात्री नमुने घेणाऱ्या वॉर्डातल्या परिचारिकांचे नाव ऋणनिर्देशात तरी यावे, ही विनंतीही येथेच करून ठेवते.

प्रमुख संशोधकांना विनंती अशी की फळ्यावर तिसरा रकाना आखावा. अभ्यासात न घेतलेल्या रुग्णांची संख्या आणि प्रत्येकाचे कारण त्यात यावे, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला न घेण्याचा निर्णय तेथे काम म्हणून दिसावा, गळती म्हणून नव्हे. त्याचबरोबर संमतीसाठी दिलेल्या वेळात परिचारिकेला अन्यत्र बोलावले जाणार नाही, असा लेखी नियम विभागात लावावा.

एथिक्स कमिट्यांना मला अधिक आग्रहाने सांगायचे आहे. कमिटीत किमान सात सदस्य असावेत, त्यांत सामान्य नागरिक, कायद्याचे जाणकार आणि निदान एक स्त्री असावी, असे २०१९ चे नियम म्हणतात. परिचारिका असावीच असे ते म्हणत नाहीत, पण नसावी असेही म्हणत नाहीत. नव्या रासायनिक घटकाच्या, म्हणजे अगदी नव्या औषधाच्या, चाचणीत दुर्बल गटातील सहभागींच्या संमतीचे जे दृक्‌श्राव्य चित्रीकरण होते, त्यात माहिती सांगण्याबरोबरच सहभागीला ती समजल्याचीही नोंद अपेक्षित आहे. ही चित्रीकरणे कपाटात जपून ठेवलेली असतात. दर तिमाहीस त्यांतली चार-दोन सोडत काढून कमिटीने पूर्ण पाहावीत. माझी कामगिरी मोजायची असेल तर ती तेथे मोजावी. मी कुठे घाई केली, कुठे रुग्णाच्या तोंडी उत्तर घातले, कुठे थांबायला हवे होते, हे मला तोंडावर सांगावे. ते ऐकणे मला जड जाईल, तरी फळ्यापेक्षा ते मला मान्य आहे. आणि एखाद्या अभ्यासात काही खटकले तर प्रमुख संशोधकांना डावलल्याचा ठपका न येता परिचारिकेला कमिटीच्या सचिवांना थेट लिहिता यावे, एवढी वाट मोकळी ठेवावी.

हे पत्र नाव न घालता प्रसिद्ध करीत आहे, त्याचे कारण पहिल्या परिच्छेदात आले आहे. ज्या कमिटीला किंवा ज्या संचालकांना या विषयावर परिचारिकांचे ऐकायचे असेल, त्यांनी आपल्याच संस्थेतल्या संशोधन विभागात निरोप पाठवावा. तेथे जी कोणी असेल ती यातले बहुतेक सारे स्वतःच्या अनुभवातून सांगू शकेल. माझ्या संस्थेने बोलावले तर मी अवश्य येईन. फक्त बैठक बुधवारी ठेवू नये. बुधवारी माझ्याकडे सात व्हिजिट असतात, आणि त्यांतले दोघे पहाटेच्या एसटीने उपाशीपोटी येतात.

कळावे,

आपली,
एक संशोधन परिचारिका
मराठवाडा